ॲसिटिलकोलीन संदेशवहन

तंत्रिका कोशिकेकडून दुसऱ्या तंत्रिका कोशिकेकडे, स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे ॲसिटिलकोलीन या रसायनाद्वारे होणारे संदेशवहन. हे द्रव्य १८६७ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले होते. त्याची क्रिया मस्कारीन (अळंबीतील विष) व निकोटीन (तंबाखूतील द्रव्य) यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये दाखविले. ॲसिटिलकोलीन ज्यांना जोडले जाते त्या कोशिकांवरील ग्राही प्रथिनांच्या दोन प्रकारांची नावे (मस्कारिनी व निकोटिनी) त्यावरूनच पडली.

तंत्रिकेतून ते खरोखर स्रवते, हा पुरावा औषधक्रियावैज्ञानिक ओटो लोवी यांचा. त्यांनी ऑस्ट्रियातील ग्राझ येथे बेडकाच्या हृदयाची प्राणेशा (व्हेगस) तंत्रिका उद्दीपित केली. ठोके मंदावले. त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयात घालताच, तंत्रिकेला हातही न लावता, तेही मंदावले. ही कल्पना स्वप्नात सुचल्याचे लोवी सांगत. त्या रात्रीचे वर्ष कुठे १९२०, तर कुठे १९२१ दिलेले आढळते. निबंध १९२१ मध्येच प्रसिद्ध झाला, हे पाहता आधीचे वर्ष अधिक संभवनीय वाटते. प्रारंभी इतरांना हा प्रयोग नेहमीच साधला नाही. बेडकाची जात, ऋतू आणि तापमान यांनुसार फल बदलत असावे. शिवाय ऊतकातील एंझाइम हे द्रव्य झपाट्याने नष्ट करते. फायसोस्टिग्मीन हे औषधी द्रव्य त्या एंझाइमाला रोखते, हे १९२६ मध्ये कळल्यावर शंका बऱ्याच निवळल्या. डेल व डडली यांना १९२९ मध्ये बैल व घोडा यांच्या प्लीहेत ॲसिटिलकोलीन सापडले. डेल व लोवी यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तंत्रिका-स्नायू संधीत ही यंत्रणा सर्वांत स्पष्ट दिसते. आवेग तंत्रिकाग्राशी पोहोचला की कॅल्शियम आत शिरते आणि ॲसिटिलकोलीन साठविणाऱ्या सूक्ष्म पिशव्या (पुटिका) तंत्रिकाग्राच्या पटलाशी एकरूप होऊन आपला साठा तंत्रिका व स्नायू यांमधील फटीत रिता करतात. एकेका पुटिकेत हजारो रेणू असतात. निकोटिनी ग्राहीला दोन रेणू जोडले गेले की त्यातील मार्ग उघडतो, सोडियम आत येते व स्नायू आकुंचन पावतो. मस्कारिनी ग्राही जी-प्रथिनांमार्फत (कोशिकेच्या आत संदेश पोहोचविणाऱ्या प्रथिनांमार्फत), अधिक संथपणे काम करतात. हृदयात ते पोटॅशियमचे मार्ग उघडतात, म्हणून ठोके मंदावतात. ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एंझाइम रेणू तोडते आणि सुटलेले कोलीन पुन्हा तंत्रिकाग्रात ओढले जाते.

मेंदूत ते अवधान व स्मृती यांच्याशी निगडित आहे. अल्झायमर रोगात अग्रमेंदूच्या तळाकडील कोलिनधर्मी (ॲसिटिलकोलीन स्रवणाऱ्या) कोशिका घटतात.

ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके वरील एंझाइम निकामी करतात. मग लाळ व घाम अनावर होतो, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, श्वसनाचे स्नायू थकतात. यावर उतारा म्हणून दिले जाणारे ॲट्रोपीन केवळ मस्कारिनी ग्राही अडविते. त्यामुळे स्राव आटोक्यात येतात, पण स्नायूंचे दौर्बल्य त्याने हटत नाही.