सोलापुरातील हिवाळी ससेपालन

पाळीव सशांचा हिवाळा सुखरूप जावा आणि थंडीतली वेतं नीट पार पडावीत यासाठी पावसाळा सरताच करायची तयारी. इथे विचार फक्त न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला यांसारख्या पाळीव जातींचा आहे. माळरानावर दिसणारा रानससा ही वेगळी प्रजाती असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तिला संरक्षण आहे. रानससा पकडून पाळणे हा गुन्हा ठरतो.

मोठ्या सशाला सोलापूरची थंडी बाधत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारण १५ अंशांवर असतो, एखाद्या रात्री १० च्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा ३० ला टेकतो. सशाला १५ ते २५ अंश तापमान मानवते. त्याचा खरा वैरी इथला उन्हाळा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात नर काही काळ नापीक होतात आणि सावरायला त्यांना दीड-दोन महिने लागतात. म्हणून इकडे हिवाळा हाच विणीचा मोसम, आणि तयारी करायची ती मुख्यतः पिल्लांसाठी.

मादी ३० ते ३२ दिवसांत विते. दिवाळीनंतर नर दाखवला तर पिल्ले ऐन कडाक्याच्या थंडीत जन्मतात. पिल्लू उघडेनागडे, डोळे मिटलेले. दहा-बारा दिवस त्याला दिसत नाही आणि स्वतःची ऊबही नीट धरता येत नाही. त्यामुळे २८ व्या दिवशी पिंजऱ्यात विण्याची पेटी ठेवलीच पाहिजे. पेटीत मऊ वाळले गवत किंवा गव्हाचे काड घालावे. पोटावरचे केस उपटून उरलेले अंथरूण मादी स्वतः करते. कारखाने सुरू झाल्याने या दिवसांत उसाचे पाचट हवे तेवढे मिळते, पण त्याच्या कडा नाजूक कातडीला कापतात. चादरींच्या कारखान्यांतल्या चिंध्या आणि सुतही पेटीत घालू नये. सुटा धागा पिल्लाच्या पायाला आवळून बसतो आणि पाय सुजून काळा पडतो.

मादी दिवसातून बहुधा एकदाच, पहाटेच्या सुमारास, तीन-चार मिनिटे पाजते. आचळ तोंडात धरलेले एखादे पिल्लू ती उडी मारताना पेटीबाहेर ओढले जाते. मांजरासारखी मादी त्याला उचलून आत नेत नाही. जाळीवर पडलेले पिल्लू तासाभरात गार पडते. म्हणून पेटीचा काठ वीतभर उंच हवा आणि उजाडताच पिंजऱ्यांवरून एक फेरी हवी. गार पडलेले पिल्लू मेले असे समजून टाकू नये. तळहातांत धरून किंवा कोमट पाण्याच्या बाटलीशी फडक्यात गुंडाळून ठेवले की पुष्कळदा ते वळवळू लागते. पोट टम्म आणि कातडी तुकतुकीत असेल तर दूध मिळाले आहे.

निवाऱ्यात सर्वांत मोठी चूक होते ती सगळे बंद करण्याची. मूत्राचा अमोनिया कोंडला की नाक गळते, शिंका सुरू होतात आणि रोग फुप्फुसात उतरतो. वारा पूर्व-ईशान्येकडून येतो, तेवढ्याच बाजूला रात्री बारदान सोडावे. दक्षिण बाजू उन्हासाठी मोकळी ठेवावी. पत्र्याची शेड रात्री गार आणि दुपारी तापलेली असते. जुन्या माळवदाच्या (जाड मातीच्या सपाट छताच्या) खोलीत हा चढउतार कमी होतो, त्यामुळे विणाऱ्या माद्यांसाठी ती केव्हाही सरस. कोळशाची शेगडी मात्र आत नकोच.

चाऱ्याकडे पाहताना रब्बीचे भान ठेवावे. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत विषारी सायनाइड तयार होते; ते सशांना घालू नयेत. नवा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तोवर गंजीतला जुना वापरताना बुरशीचा वास येतो का ते पाहावे. दव असलेला लसूणघास तसाच टाकल्यास पोट फुगते, म्हणून तो सुकवून द्यावा. थंडीत भूक वाढते. ती धान्याने नव्हे, वाळल्या गवताने भागवावी.

या महिन्यांत दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. मादी वेळेवर माजावर यावी म्हणून संध्याकाळी दिवा लावून उजेड चौदा तासांपर्यंत नेतात. खरजेसाठी कानांच्या आतल्या बाजू आठवड्याला तपासाव्यात. खपली दिसताच जनावर वेगळे करून पशुवैद्याला दाखवावे.

संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेनंतर नवीन वेत धरू नये. त्यापुढचे पिल्लू आईपासून तुटते ते थेट मार्चअखेरच्या उन्हात.