फ्रीजच्या पाठीवरचं एक अक्षर

अक्षय्य तृतीयेपासून लगीनसराई संपेपर्यंत लातूर, नांदेड, बीडच्या बाजारात फ्रीज हातोहात खपतात. गिऱ्हाईक विचारतं ते असं: किती लिटर, किती स्टार, हप्ता किती. दारावरच्या फुलांच्या रंगावरून घरात दोन तट पडतात. आतल्या भिंतीवर नाहीतर पाठीवर चिकटवलेल्या छोट्या पाटीकडे मात्र कोणी बघत नाही. तिच्यावर व्होल्टेज, गॅसचं नाव, गॅसचं वजन आणि त्याच्या शेजारी ‘क्लायमेट क्लास’ म्हणून एखाददुसरं अक्षर असतं. ‘एन’ म्हणजे भोवतालचं तापमान १६ ते ३२ अंश सेल्सिअस असेल तिथे नीट चालणारा फ्रीज. ‘एसटी’ (बसशी काही संबंध नाही) म्हणजे ३८ अंशांपर्यंत, आणि ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत.

आता परभणीचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पारा ४३-४४ वर गेला तरी तिथे कोणाला नवल वाटत नाही. शिवाय वेधशाळेचा आकडा सावलीतला, हवेशीर पेटीतला. पत्र्याच्या घरात, दुपारी, चुलीशेजारी किंवा गॅसशेजारी काय होत असेल ते ज्याचं त्याला माहीत. थोडक्यात, सगळ्यांत वरच्या वर्गाचा फ्रीजही आपल्याकडे उन्हाळाभर त्याच्या हद्दीवर काम करतो. म्हणून माझं मत असं, की मराठवाड्यात कोणता फ्रीज घेतला यापेक्षा तो कुठे आणि कसा ठेवला याला जास्त किंमत आहे. पुण्या-मुंबईकडे खपून जाणारा हलगर्जीपणा इथे खपत नाही.

फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो, एवढंच. माठ थंड होतो त्याचंही मूळ हेच आहे: पाझरलेलं पाणी वाफ होताना माठातली उष्णता घेऊन जातं. फरक असा, की माठाची वाफ हवेत निघून जाते, तर फ्रीजमधला गॅस नळीतल्या नळीत फिरत राहतो. आतल्या नळ्यांत तो उकळतो आणि उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्यावर तो तापतो, आणि पाठीमागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्यामागच्या नळ्यांत ती उष्णता खोलीला देऊन पुन्हा द्रव होतो. म्हणून दुपारी फ्रीजचं दार उघडं टाकून समोर बसलं तर खोली थंड होत नाही, उलट तापते. आतून काढलेली उष्णता तर बाहेर पडतेच, वर कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही उष्णता होऊन तिच्यात मिसळते.

खोली २५ अंशांवर आणि फ्रीजचं पोट ५ अंशांवर असेल तर फरक २० अंशांचा. खोली ४३ वर गेली की तोच फरक ३८. भिंतींतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास दुप्पट झाली. आणि नेमकी तेव्हाच ती बाहेर फेकणंही अवघड होतं. आतली नळी उणे २५ अंशांवर आणि बाहेरची जाळी ४५ वर असेल, तर अगदी आदर्श यंत्रसुद्धा एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता उचलेल. जाळी ६० वर गेली तर तीनही नाही. खरा फ्रीज यापेक्षा बराच मागे असतो, पण घसरण त्याचीही अशीच होते. काम दुप्पट आणि ताकद कमी.

म्हणून जाळीला वारा हवा. पाठीमागे वीतभर, बाजूंना चार बोटं, वर मोकळं. नव्या मॉडेलमध्ये मागे जाळी दिसत नाही, बाजूचे पत्रे गरम लागतात. तो बिघाड नाही, उष्णता तिथूनच बाहेर पडते. पण त्या पत्र्यांवर झालरीचं कव्हर घालायचं, वर पापडाचे डबे आणि जुन्या वह्यांचा ढीग ठेवायचा आणि एक बाजू कपाटाला चिकटवायची, म्हणजे त्याचा श्वासच कोंडला. मागे जाळी असेल तर वर्षातून दोनदा, प्लग काढून, कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. पश्चिमेची भिंत आणि गॅसची शेगडी या दोन्हींपासून तो लांब असावा.

दुसरं दुखणं लाइटीचं. संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि कूलर एकदम चालू झाले, की गावाच्या टोकाच्या घरात २३० व्होल्टचे १६० होतात. साध्या कॉम्प्रेसरच्या मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात असतो, त्यामुळे १६० व्होल्टला तो निम्म्यावर येतो. मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते, भरमसाट करंट ओढते आणि तापते. मग ‘टक’ असा आवाज येतो, मोटर वाचवणारं ओव्हरलोड तिची वीज तोडतं. थोडं निवलं की पुन्हा गुरगुर, पुन्हा टक. हा आवाज कानावर आला की मिस्त्रीची वाट न बघता प्लग काढावा.

लाइट जाऊन लगेच आली तरीही तेच होतं. गॅसच्या दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला तीनेक मिनिटं लागतात, त्याआधी मोटरला ओढवत नाही. स्टॅबिलायझर घ्यायचा तर उशिराने चालू होणारा आणि जास्त व्होल्टेजलाही तोडणारा घ्या. डीपीवर न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटली की सिंगल फेजच्या घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, आणि मग एका संध्याकाळी गल्लीतले टीव्ही, पंखे, फ्रीज सगळे जातात. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या, फ्रीजला कमी-जास्त व्होल्टेज बरंच चालतं, किती ते त्याच्या पुस्तिकेत असतं. त्या ‘इन्व्हर्टर’चा बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी संबंध नाही. दुकानदारही कधीकधी ही गल्लत खुशाल होऊ देतात.

शॉक लागण्याचं प्रकरण जास्त गंभीर आहे, आणि त्यात आपल्या काळ्या मातीचा हात आहे. फ्रीजचं अंग लोखंडी. आत कुठे वायर सोलली तर तो करंट तिसऱ्या पिनेतून अर्थिंगच्या खड्ड्यात जायला हवा. खड्ड्यातली माती ओली असेल तरच ती करंट नीट वाहते. पण चैत्र-वैशाखात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगची पट्टी मातीपासून सुटते, कोळसा-मीठ कोरडं ठाक होतं. म्हणजे कूलरचं पाणी फरशीवर सांडलेलं आणि माणसं अनवाणी असतात, त्याच दिवसांत अर्थिंग मेलेलं असतं. खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं, आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. करंट कुठे गळायला लागला की तो सेकंदाच्या काही शतांशात वीज तोडतो. जाड पिन बसत नाही म्हणून तोडून टाकायची आणि दोन पिनांवर भागवायचं, हे करू नका. एक्स्टेन्शन बोर्डही नको, फ्रीजला भिंतीतला स्वतंत्र सॉकेट द्या. कूलर आणि फ्रीज शेजारी-शेजारी तर नकोतच.

पाटीवर गॅसचं नाव ‘आर६००ए’ असेल तर तो आयसोब्यूटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचीच भावकी. पूर्वीच्या आर१२ ने ओझोनचा थर विरळ केला, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो गेला. त्याच्या जागी आलेला आर१३४ए ओझोनला निरुपद्रवी, पण तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त हातभार लावणारा. आयसोब्यूटेनला हे दोन्ही दोष जवळपास नाहीत. तो पेट घेतो, एवढाच त्याचा दोष. घरगुती फ्रीजमध्ये तो १५० ग्रॅमच्या पुढे भरत नाहीत आणि नळ्या बंद असतात, त्यामुळे रोजच्या वापरात भीती नाही. भीती दुरुस्तीत आहे. बंद स्वयंपाकघरात गॅस सोडून तिथेच वेल्डिंगची ज्योत लावणाऱ्या मिस्त्रीला आधी दारं-खिडक्या उघडायला लावा. फ्रीझरमधला बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नका, मागची अॅल्युमिनियमची नळी पातळ असते. आणि घरात सिलिंडरचा वास आला तर फ्रीजचं बटण बंद करायलाही जाऊ नका. तिथली बारीकशी ठिणगी पुरते.

छोटा हत्तीत आडवा घालून आणलेला फ्रीज उभा केल्यावर काही तास तसाच राहू द्या. कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत उतरायला हवं.

खालच्या कप्प्याचं तापमान ४-५ अंश आणि फ्रीझरचं उणे १८ हवं. पेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवून बघता येतं. लाइट गेल्यावर दार न उघडलं तर खालचा कप्पा साधारण चार तास टिकतो असं धरतात, पण तो हिशोब थंड मुलखातला, आपल्याकडे मेमध्ये कमीच धरा. यावर स्वस्त उपाय म्हणजे फ्रीझरमध्ये पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, गोठल्यावर पाणी फुगतं म्हणून वर जागा ठेवून. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यात एक लिटर पाणी शून्यावरून ८० अंशांवर जाईल. लाइट गेली की त्यातली एक बाटली खालच्या कप्प्यात, दूध आणि इन्सुलिनजवळ ठेवावी, चिकटून नव्हे. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात आणि एकदा गोठलं की ते वाया. गावाला जाताना वाटीत बर्फ करून वर एक रुपयाचं नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाशी सापडलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय असं समजा. मग मटण-मासळी फेकलेली बरी.

उरलेली भाजी किंवा आमटी उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर नको. जिवाणूंना आपली दुपार फार मानवते. पसरट भांड्यात काढली की लवकर निवते, मग झाकून आत. आणि दाराचं रबर बघा: कागदाची पट्टी दारात अडकवून ओढली आणि सहज निघाली, तर रबर सैल झालंय.

फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, फ्रीजच्या पाठीमागे, कॉम्प्रेसरच्या वर, एक उथळ ट्रे असतो. वितळलेलं पाणी त्यात येतं आणि उबेने उडून जातं. पावसाळ्यात हवा दमट झाली की ते उडत नाही, साचतं. डेंग्यूच्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्यसेविका घरात आल्यावर रांजणाबरोबर फ्रीजच्या मागेही बॅटरी मारतात ती याचसाठी. कोरड्या दिवशी, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करायच्या दिवशी, टाकी-रांजणाबरोबर तो ट्रेही पुसून घ्यावा.

बंद पडलेला फ्रीज आपल्याकडे भंगारात जात नाही, तो डाळी आणि गोधड्या ठेवायचं कपाट होऊन ओसरीत उभा राहतो. जुन्या मॉडेलला खटक्याची कडी असते, ती आतून उघडत नाही, आणि लपाछपी खेळणारं पोर आत शिरलं तर दाराच्या रबरातून हवाही जात नाही. अमेरिकेत असे मृत्यू झाल्यावर १९५६ मध्ये आतून उघडणाऱ्या दाराचा कायदाच करावा लागला. ओसरीतल्या फ्रीजची कडी काढून टाका, जमलं तर दारच.