फेर्नांदो रेयच्या चित्रपट-भूमिका

रेय, फेर्नांदो : (२० सप्टेंबर १९१७ – ९ मार्च १९९४). स्पॅनिश चित्रपट अभिनेता. मूळ नाव फेर्नांदो कासादो आरांबिल्येत. जन्म गॅलिशियातील आ कोरुन्या या बंदराच्या शहरी, मृत्यू माद्रिदमध्ये. जवळपास सहा दशकांत त्याने दीडशेहून अधिक चित्रपट केले. तरी जगभरचे प्रेक्षक त्याला ओळखतात ते मुख्यतः दोन रूपांत : स्पॅनिश दिग्दर्शक लुइस बुन्युएलच्या चित्रपटांतला तरुण स्त्रीच्या मोहात सापडलेला वयस्कर खानदानी पुरुष आणि ‘द फ्रेंच कनेक्शन’मधला अमली पदार्थांचा रुबाबदार तस्कर. ही दोन्ही रूपे चाळिशी उलटल्यावर त्याच्या वाट्याला आली. त्याआधीची वीस वर्षे स्पेनमध्ये त्याची ओळख चेहऱ्यापेक्षा आवाजामुळे अधिक होती.

रेयचे वडील लष्करी अधिकारी होते. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा ते प्रजासत्ताकाच्या बाजूने राहिले आणि युद्धानंतर त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. मुलगा वास्तुशास्त्र शिकत होता. युद्धाने ते शिक्षण मोडले आणि तोही प्रजासत्ताकाकडून लढला. पराभूत पक्षातल्या अशा तरुणाला युद्ध जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत पोट भरायला जे मार्ग उरले होते, त्यांपैकी एक म्हणजे चित्रपटांच्या गर्दीत उभे राहणे. त्याने ‘रेय’ हे आडनाव घेतले ते आईकडचे. पुढे डबिंगचे काम मिळू लागले. त्या काळी स्पेनमध्ये परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करूनच दाखवावे लागत, त्यामुळे चांगल्या आवाजाला मागणी भरपूर होती. रेयचा आवाज खर्जातला, उच्चार स्वच्छ आणि बोलण्याची लय संथ.

१९४४ च्या ‘एउहेनिया दे मोंतिहो’मध्ये तो आल्बाचा ड्यूक झाला, तर १९४८ च्या ‘लोकुरा दे आमोर’मध्ये वेड्या राणी हुआनाचा बाहेरख्याली नवरा, देखणा फेलिपे. राजेराण्यांचे हे भरजरी चित्रपट राजवटीच्या पसंतीचे होते. रेय त्यांत शोभून दिसतो, पण पोशाखाखाली माणूस फारसा सापडत नाही. त्या काळातले त्याचे अधिक टिकाऊ काम पडद्यावर दिसतच नाही. लुइस गार्सिया बेरलांगाच्या ‘ब्येनबेनिदो, मिस्टर मार्शल’मध्ये (१९५३) अमेरिकी मदतीच्या आशेने एक कास्तिलियन खेडे अंदालुसियाचा वेष चढवते, त्या कथेचा निवेदक रेय आहे. ‘एक आटपाट नगर होतं’च्या थाटात सुरुवात करून तो गावकऱ्यांची ओळख करून देतो आणि त्यांची खिल्लीही उडवतो. चित्रपटातला निम्मा उपरोध या आवाजाचा आहे. ‘मार्सेलिनो, पान इ बिनो’मध्येही (१९५५) आजारी मुलीला गोष्ट सांगणारा साधू तोच आहे.

बुन्युएलने त्याला निवडले त्याची एक कथा सांगतात. हुआन आंतोनियो बार्देमच्या एका चित्रपटात रेय प्रेत होऊन पडला होता; ते पाहून बुन्युएल म्हणाला, इतके छान मरून पडणारा नट मला हवाच. कथा खरी असो वा रचलेली, ‘विरिदियाना’त (१९६१) रेयच्या वाट्याला पुन्हा मरणच आले. डॉन हाइमे हा पडीक जमिनीचा मालक, लग्नाच्या रात्रीच बायको गेलेला. संन्यासदीक्षा घेऊ पाहणारी भाची विरिदियाना भेटीला येते आणि तिच्यात त्याला ती बायको दिसू लागते. तो तिला बायकोचा लग्नाचा पोशाख घालायला लावतो, गुंगीचे औषध देतो, पलंगावर नेऊन ठेवतो आणि ऐन वेळी मागे फिरतो. सकाळी मात्र, ती जाऊ नये म्हणून, आपण मागे फिरलो नव्हतो असे खोटेच सांगतो. हा माणूस एरवी पिंपात बुडणारी मधमाशी काडीने बाहेर काढणारा आहे. एकट्याने बसून बायकोचे बूट स्वतःच्या पायात घालून पाहणारा हा माणूस दुसऱ्या कुणा नटाच्या हाती विकृत तरी ठरला असता किंवा हास्यास्पद तरी. रेयने त्याला लाज दिली, आणि लाजेबरोबर अदबही. अखेरचे पत्र लिहिताना तो किंचित हसतो. मग छोट्या मुलीच्या उड्या मारायच्या दोरीने गळफास घेतो. चित्रपटाच्या मध्यापूर्वीच तो संपतो, तरी पुढची भिकाऱ्यांची मेजवानी त्याच्याच घरात, त्याच्याच पाठीमागे चाललेली वाटते.

‘विरिदियाना’ला कान महोत्सवात पाल्म दॉर हे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. व्हॅटिकनच्या मुखपत्राने त्यावर हल्ला चढवला, पारितोषिक स्वीकारणाऱ्या स्पॅनिश चित्रपट-संचालकाची नोकरी गेली आणि स्पेनमध्ये चित्रपटावर १९७७ पर्यंत बंदी राहिली. रेयच्या कारकिर्दीतली ही पहिली मोठी भूमिका त्याच्या देशबांधवांना सोळा वर्षे पाहताच आली नाही.

त्या दशकात स्पेनमध्ये परदेशी कंपन्यांची रीघ लागली होती. आल्मेरियाच्या वाळवंटात वेस्टर्नपट निघत होते आणि इंग्रजी येणारा, भारदस्त दिसणारा स्थानिक नट त्यांना लागत असे. रेय त्यांत पाद्री झाला, कर्नल झाला, ‘कंपान्येरोस’मध्ये (१९७०) अहिंसावादी प्राध्यापक झाला. यातले बरेचसे पोटासाठीचे. ऑर्सन वेल्सची कामे मात्र वेगळी : ‘चाइम्स ॲट मिडनाइट’मधला (१९६५) बंडखोर वूस्टर आणि ‘द इमॉर्टल स्टोरी’तली (१९६८) छोटी भूमिका.

‘त्रिस्ताना’ (१९७०) हे रेयचे सर्वोत्तम काम म्हणावे लागेल. बेनितो पेरेस गाल्दोसची कादंबरी बुन्युएलने तोलेदोत आणली आणि तिचा काळ पुढे ओढून १९२० नंतरचा केला. डॉन लोपे हा ओसरत्या इस्टेटीवर जगणारा उमराव : धर्मगुरूंचा द्वेष्टा, कष्टाची कामे हलकी मानणारा, दुबळ्यांचा कैवारी. पळणाऱ्या चोराच्या मागे आलेल्या पोलिसांना तो मुद्दाम उलटी वाट दाखवतो. आणि हाच स्वातंत्र्यवादी आश्रयाला आलेल्या अनाथ त्रिस्तानाला (कातरिन दनव) भोगतो आणि घरात कोंडतो. तिला दिलेले व्याख्यान आणि तिच्यावर गाजवलेली मालकी यांतला विरोध त्याला स्वतःला जाणवतच नाही. रेयने तो न जाणवणे हीच भूमिकेची किल्ली मानली आहे. सुरुवातीला त्रिस्ताना त्याच्या सपाता आणून देते, नंतर त्याच सपाता ती कचऱ्यात टाकते. पाय गमावलेली त्रिस्ताना कुबड्यांवर खडखडत येरझाऱ्या घालते आहे आणि आतल्या खोलीत म्हातारा डॉन लोपे, बाहेर बर्फ पडत असताना, ज्यांना आयुष्यभर शिव्या दिल्या त्या पाद्र्यांबरोबर गरम चॉकलेट पितो आहे, हा प्रसंग एकदा पाहिला की विसरत नाही. या चित्रपटाच्या स्पॅनिश आवृत्तीत आवाज रेयचा स्वतःचा आहे, तो शक्यतो तीच पाहावी.

‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) त्याला मिळाला तो नावाच्या घोटाळ्यातून. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनला बुन्युएलच्या ‘बेल द जूर’मध्ये पाहिलेला नट हवा होता; नाव आठवत नव्हते. तो नट फ्रान्सिस्को राबाल. ‘विरिदियाना’त रेयच्या अनौरस मुलाचे काम याच राबालने केले होते. विमानतळावर उतरला तो रेय, दाढीवाला आणि सभ्य दिसणारा. पण राबालला ना इंग्रजी येत होते ना फ्रेंच, तेव्हा फ्रीडकिनने नाइलाजाने रेयला ठेवून घेतले. घोटाळा चित्रपटाच्या पथ्यावर पडला. मार्सेचा तस्कर आलँ शार्निए रेस्तराँच्या उबेत निवांत जेवतो आणि बाहेर थंडीत पोलीस पोपाय डॉइल (जीन हॅकमन) पिझ्झाचा तुकडा चावत उभा असतो. कोण सभ्य आणि कोण रासवट, याचा सगळा हिशोबच इथे उलटतो. भुयारी रेल्वेच्या फलाटावर छत्रीच्या टोकाने दार अडवून शार्निए गाडीत शिरतो आणि निघत्या गाडीतून डॉइलला बोटे हलवून निरोप देतो. एकही शब्द न बोलता रेय हा प्रसंग जिंकतो. रेयचे फ्रेंच मात्र पसंत पडले नाही आणि ते संवाद दुसऱ्याच्या आवाजात भरले गेले. चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले. १९७५ च्या दुसऱ्या भागातही शार्निए तोच आहे.

बुन्युएलने ही नवी कीर्ती लगेच कामाला लावली. ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्ज्वाझी’त (१९७२) रेय मिरांडा नावाच्या काल्पनिक प्रजासत्ताकाचा राजदूत आहे आणि राजनैतिक सामानातून कोकेन आणतो. बंदूकधारी जेवणाच्या खोलीत घुसतात तेव्हा हा टेबलाखाली लपतो खरा, पण मटणाच्या तुकड्यासाठी वर गेलेला हात त्याचा घात करतो. ते स्वप्न असते. जागा झाल्यावर तो पहिल्यांदा फ्रीज उघडतो. बुन्युएलचा शेवटचा चित्रपट ‘दॅट ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट ऑफ डिझायर’ (१९७७) हा या जोडीचा चौथा. श्रीमंत मात्यू रेल्वेच्या डब्यात सहप्रवाशांना कोंचिताने आपल्याला कसे झुलवले ते सांगतो. कोंचिता दोन नटी आलटून पालटून करतात, कारोल बुके आणि आंखेला मोलिना; मात्यूच्या ते लक्षातही येत नाही. इथेही फ्रेंच आवाज रेयचा नाही, मिशेल पिकोलीचा आहे.

त्याच वर्षी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तो कार्लोस साउराच्या ‘एलिसा, बिदा मिया’साठी, आणि तिथे सगळा खेळ आवाजाचाच आहे. कास्तियातल्या एकाकी घरात लिहीत बसलेल्या लुइसला अनेक वर्षांनी मुलगी एलिसा (जेराल्डिन चॅप्लिन) भेटते. सुरुवातीचे निवेदन एलिसाचे, ‘मी वडिलांना पाहिले नव्हते’ अशा अर्थाचे. पण ऐकू येतो तो वडिलांचा, रेयचा आवाज. बापाने मुलीचे मन लिहून काढले आहे की मुलीने बापाचे, हा संभ्रम त्या एका युक्तीवर उभा आहे.

बाकी भूमिकांत लीना वेर्टम्युलरच्या ‘सेव्हन ब्यूटीज’मधला (१९७५) छळछावणीत शौचकूपात उडी घेऊन मरणारा अराजकवादी पेद्रो आणि स्टीव्हन फ्रीअर्सच्या ‘द हिट’मधला (१९८४) जवळपास न बोलणारा पोलीस अधिकारी या लक्षात राहणाऱ्या. फ्रान्सिस्को रेगेइरोच्या ‘दियारिओ दे इनबिएर्नो’साठी (१९८८) त्याला स्पेनचा गोया पुरस्कार मिळाला. १९९२ पासून मृत्यूपर्यंत तो स्पॅनिश चित्रपट अकादमीचा अध्यक्ष होता.

सेर्व्हांतेसच्या कादंबरीचा नायक डॉन किहोते याच्याशी त्याचा संबंध दीर्घकाळचा. १९४७ च्या चित्रपटात तो सान्सोन कार्रास्को झाला, म्हणजे किहोतेला हरवून घरी पाठवणारा पदवीधर. १९७३ मध्ये मेक्सिकन विनोदवीर कांतिनफ्लासच्या सांचो पांझाबरोबर तो स्वतः किहोते झाला. मान्वेल गुतिएरेस आरागोनने १९९१ साली स्पॅनिश दूरचित्रवाणीसाठी केलेल्या मालिकेत आल्फ्रेदो लांदाच्या सांचोसोबत त्याने ती भूमिका पुन्हा केली, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. इथला किहोते हास्यास्पद नाही; तो अत्यंत नम्रपणे वेडा आहे आणि उर्मट भाषेलाही अदबीने उत्तर देतो. मालिकेत कादंबरीचा पहिलाच भाग होता. दुसऱ्या भागावरचा चित्रपट आरागोनने २००२ साली केला; त्यात किहोते हुआन लुइस गालियार्दो आहे.