शार्लोट द्रावे आणि त्यांच्या नावाचा अपस्मार : पार्श्वभूमी

‘द्रावे सिंड्रोम’ या लहान मुलांमधील गंभीर अपस्माराचे (फिट्सच्या आजाराचे) नाव आज बहुतेक पालकांच्या कानावर प्रथम पडते ते जनुकीय चाचणीच्या संदर्भात. त्यामुळे शार्लोट द्रावे या जनुकशास्त्रज्ञ असाव्यात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १९३६ साली जन्मलेल्या या फ्रेंच डॉक्टर बालमनोविकार आणि अपस्मार या दोन विषयांतल्या, आणि त्यांचे सारे काम रुग्ण मुलांच्या सहवासात झालेले आहे.

त्यांचे वैद्यकीय शिक्षण मार्सेय शहरात झाले. अपस्मारतज्ज्ञ ऑंरी गास्तो यांच्यामुळे हे शहर ईईजीच्या (मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखाच्या) आणि अपस्माराच्या अभ्यासासाठी तेव्हा जगभर ओळखले जात होते. १९६५ मध्ये द्रावे यांनी प्रबंधासाठी जो गंभीर बाल-अपस्मार निवडला, तो पुढे लेनॉक्स-गास्तो सिंड्रोम म्हणून प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी तिथल्याच साँ-पोल या अपस्मार केंद्रात काम केले. तीच मुले तिथे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येत असत, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचे बळ या दीर्घ सहवासातच आहे.

कारण पहिल्या तपासणीत द्रावे सिंड्रोमची ओळख पटणे अवघड असते. चांगले वाढणारे, निरोगी बाळ वयाच्या पहिल्याच वर्षी तापात आकडी येऊन कोसळते. झटका लांबतो, पुष्कळदा शरीराच्या एकाच बाजूला येतो, आणि तरीही सुरुवातीचा ईईजी बहुधा निर्दोष असतो. पुढे ताप नसतानाही, निरनिराळ्या प्रकारचे झटके येऊ लागतात आणि बोलणे, चालणे, समज यांची प्रगती मंदावते. लेनॉक्स-गास्तो म्हणून गणल्या जाणाऱ्या मुलांमधून हा गट वेगळा काढून द्रावे यांनी १९७८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला १९८९ मध्ये स्थान मिळाले.

कारणाचा उलगडा व्हायला २००१ उजाडले. बेल्जियममधील संशोधकांनी तपासलेल्या सातही रुग्णांमध्ये एससीएन१ए या जनुकात बदल आढळला, आणि तो आईवडिलांकडून आलेला नव्हता. हे जनुक मेंदूतील सोडियमच्या वाहिनीशी, म्हणजे चेतापेशीत सोडियम आत येण्याच्या मार्गाशी, संबंधित आहे. सोडियमच्या वाहिन्या रोखणारी कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन यांसारखी अपस्मारावरचीच औषधे या मुलांचे झटके वाढवू शकतात, ते याचमुळे. लॅमोट्रिजिनचा हा धोका द्रावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्येच, म्हणजे जनुक सापडण्यापूर्वी, निरीक्षणातून नोंदवला होता.

या शोधाचा आणखी एक परिणाम मला फार मोलाचा वाटतो. लसीनंतर ताप येऊन पहिला झटका आला, की मुलाच्या आजाराचा दोष लसीवर जाई आणि लस दिल्याची बोचणी पालकांच्या मनात राही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी लसीमुळे मेंदूला इजा झाल्याचे मानल्या गेलेल्या १४ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ११ जणांमध्ये एससीएन१ए या जनुकातील बदल सापडला.