बनावट पेमेंट-फसवणूक, नोकरीच्छुकांची (खानदेश)

नोकरीचे आमिष दाखवून, पैसे जमा झाल्याचा किंवा होणार असल्याचा खोटा देखावा उभा करून उमेदवाराकडून रक्कम उकळणे, आणि त्यास प्रतिबंध. नोंदीचा रोख जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांकडे आहे.

उगम : या प्रकाराचे मूळ सामान्यतः ‘स्पॅनिश कैदी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्रांत शोधतात. काही जण ती सोळाव्या शतकातील मानतात. परंतु फ्रेंच गुप्तहेर वीदोक (१७७५–१८५७) यांनी वर्णिलेली ‘जेरूसलेमची पत्रे’ हा अधिक भरवशाचा आरंभ वाटतो. त्यांत कैदी दडवलेल्या संपत्तीचा वाटा कबूल करून आधी खर्चाचे पैसे मागत. नोकरीच्या फसवणुकीत मात्र दुसरा धागाही मिसळला आहे, तो जादा रकमेच्या बनावट धनादेशाचा. धनादेश वटण्यापूर्वीच खात्यात रक्कम दिसते, उमेदवार ‘चुकून आलेले’ जादा पैसे परत करतो, आणि मग धनादेश नाकारला जातो. भारतात, विशेषतः यूपीआय (२०१६) रुळल्यानंतर, धनादेशाची जागा बहुधा बनावट स्क्रीनशॉट व एसएमएसने घेतली. ‘घरबसल्या टास्क’ या प्रकारात सुरुवातीला थोडे पैसे खरोखर मिळतात. पुढे ॲपमध्ये फुगलेली शिल्लक दिसते आणि ती काढण्यासाठी ‘कर’ भरायला सांगतात.

खानदेशातील संदर्भ : भुसावळ जंक्शन, भुसावळ व वरणगाव येथील आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र यांमुळे ‘नोकरीला लावून देतो’ हे शब्द येथे खरे वाटू शकतात. त्यामुळे खरे शुल्क कसे असते ते माहीत हवे. रेल्वे भरती मंडळाच्या सर्वसाधारण प्रवर्गासाठीच्या ५०० रु. शुल्कातील ४०० रु. संगणकीय परीक्षेस बसल्यावर परत मिळतात. ते अर्जाबरोबर मंडळाकडे भरायचे असते, कोणा व्यक्तीच्या क्यूआर कोडवर नव्हे. परदेशी नोकरीसाठी १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रु. व कर एवढेच सेवाशुल्क घेता येते.

संरक्षण : पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही; पिन टाकला की पैसे जातात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणलेली शून्य-दायित्वाची (ग्राहकाला नुकसान सोसावे न लागण्याची) तरतूद त्रयस्थाच्या अनधिकृत व्यवहारासाठी असून त्याची खबर तीन कामकाजी दिवसांत द्यावी लागते. भुलून स्वतः पिन टाकलेल्यास तिचा आधार सहसा मिळत नाही. म्हणूनच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवणे निर्णायक ठरते, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वीच गोठवता येते. चार लोकांत हसे होईल म्हणून घरचे गप्प बसतात आणि नेमका तोच वेळ हातचा जातो. फसलेल्यास दोष न देता त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जाणे हे गावाचे कामच मानले पाहिजे. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड (तीन वर्षांपर्यंत कैद) व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते. ‘पगारा’च्या बदल्यात आपले बँक खाते दुसऱ्यास वापरू देणाऱ्या तरुणावरही गुन्हा दाखल होऊ शकतो.