पार्श्वभूमी : विरोधी मताच्या माणसाला समजून घेणं

तुमच्या मुलानं किंवा मुलीनं विरोधी पक्षाच्या घरात लग्न ठरवलं, तर तुम्हाला वाईट वाटेल का? १९६० साली अमेरिकेत हे विचारलं, तेव्हा दोन्ही पक्षांत शंभरामागे चार-पाच जणांनीच नापसंती दाखवली. २०१० मध्ये साधारण तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. या वेळी एका पक्षाचे ३३ टक्के आणि दुसऱ्याचे ४९ टक्के लोक नाराज होणार होते. सर्वसामान्यांची धोरणांवरची मतं तितकी दुरावली का, यावर अभ्यासक अजून भांडतात. माणसं माणसांपासून दुरावली, यावर फारसा वाद नाही. २०१२ पासून या दुराव्याला ‘भावनिक ध्रुवीकरण’ म्हटलं जाऊ लागलं.

१९५० साली तिथल्याच राज्यशास्त्रज्ञांच्या एका समितीची तक्रार अगदी उलटी होती. दोन्ही पक्ष सारखेच बोलतात, मग मतदारानं निवडायचं काय? पक्षांनी आपापली भूमिका ठळक करावी, असं तिनं सुचवलं होतं.

या दुराव्यावर उपाय म्हणून ‘एम्पथी’ हा जो शब्द सगळीकडे सांगितला जातो, त्यानंच खरा घोळ घातला आहे. मराठीत कुणी ‘सहानुभूती’ म्हणतं, कुणी ‘समानुभूती’, कुणी ‘परानुभूती’. पण राजकारणात ‘सहानुभूतीदार’ म्हणजे पक्षाकडे कल असलेला माणूस, आणि ‘सहानुभूतीची लाट’ थेट मतपेटीत उतरते. त्यामुळे विरोधकाविषयी सहानुभूती ठेवा म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला बाजू बदलायला सांगताहेत. मूळ जर्मन शब्दाचा राजकारणाशी संबंधच नव्हता. १८७३ साली तो कलेच्या चर्चेत आला : समोरच्या आकारात आपली भावना शिरते, या अर्थानं. १९०९ मध्ये त्याला ‘एम्पथी’ हा इंग्रजी प्रतिशब्द मिळाला आणि पुढे तो मानसशास्त्राचा झाला. आज त्यात दोन गोष्टी कोंबलेल्या आहेत : दुसऱ्यासाठी जीव कळवळणं आणि दुसऱ्याला जग कसं दिसतं हे समजणं. त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. २०२० च्या एका अभ्यासात, ज्यांचा स्वभाव जास्त कळवळ्याचा, त्यांच्यातच पक्षीय दुरावा जास्त आढळला. कळवळा आधी आपल्या माणसांकडे वळतो. म्हणून मला साधं ‘समजून घेणं’ जवळचं वाटतं. ते ‘समजूत घालणं’ नव्हे, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

हा फरक प्रत्यक्ष दिसला तो लोकांच्या दारात. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी समलिंगी विवाहाविरुद्ध कौल दिला. हरलेल्या बाजूचे लॉस एंजेलिसमधले कार्यकर्ते मग विरोधात मत देणाऱ्यांच्याच दारी गेले आणि असं मत का दिलंत, हे विचारू लागले. या पद्धतीचा मोठा परिणाम होतो, असा निबंध २०१४ मध्ये एका नामांकित नियतकालिकात छापून आला. पुढच्याच वर्षी त्यातली माहिती विश्वासार्ह नसल्याचं उघड झालं आणि निबंध मागे घेतला गेला. सहलेखकानं स्वतःच तशी मागणी केली होती, मुख्य लेखकाला ते मान्य नव्हतं. पद्धतच खोटी, असा अनेकांचा समज झाला.

तो घाईचा होता. ज्या तरुण संशोधकांनी ही गडबड शोधली, त्यांनीच मायामीत पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींविषयीच्या पूर्वग्रहावर खरा प्रयोग केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दारात साधारण दहा मिनिटं बोलणं व्हायचं. ‘वेगळे आहात म्हणून तुम्हाला कधी कुणी वाईट वागवलंय का?’ असं विचारायचं आणि घरमालक बोलू लागला की ऐकायचं. पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता.

२०२० मध्ये आणखी तीन प्रयोग जाहीर झाले. काही दारांत फक्त मुद्दे मांडले, तिथे फरक आढळला नाही. जिथे दोघांनी आपापले अनुभव सांगितले आणि कुणी कुणाला दोष दिला नाही, तिथे थोडा का होईना, पण चार महिन्यांनंतरही मोजता येईल इतका बदल होता.