कोळसा संपला की पाणी परत येतं

काचेची एक बरणी घ्या. तिच्यात बारीक कोरडी वाळू न दाबता, भुरभुरून भरा. तळापर्यंत नळी घालून पाणी हळूहळू खालून चढू द्या. वाळू भिजते, पण जागची हलत नाही, वरून घट्टच दिसते. आता बरणीवर बोटाने टकटक करा. वाळू झपकन खाली बसते आणि वर पाणी तरंगतं. कणांची एकमेकांवरची पकड क्षणभर सुटली आणि सगळा भार पाण्यावर आला. याला द्रवीभवन म्हणतात.

पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागात हीच बरणी मैलोन् मैल पसरलेली आहे. तिथे लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा निघतो. त्याच्यावरची वाळू उचलून मागच्या रिकाम्या खड्ड्यात टाकायला अवाढव्य वाहक पूल होते. एफ-60 नावाचा असा एक पूल 502 मीटर लांब आहे. तो जेमतेम वर्षभर चालला, 1992 मध्ये थांबला, आणि आज पर्यटक त्यावर चढून खाणीचा परिसर बघतात. उंचावरून पडलेली ती वाळू सैलच राहिली. खाण कोरडी ठेवायला पंप चालू होते तोवर काही बिघडलं नाही. जर्मनीच्या एकीकरणानंतर बहुतेक खाणी बंद झाल्या, पंप थांबले आणि भूजल वर चढू लागलं.

खड्ड्यांची तळी करायची, काठावर हॉटेलं, नौकाविहार, पोहायच्या चौपाट्या उभारायच्या, असं ठरलं. कल्पना हवेतली नव्हती. सेन्फ्टेनबर्गचं तळं असंच जुन्या खाणीतून झालेलं, 1973 पासून लोक तिथे पोहतात. पण ऑक्टोबर 2010 मध्ये याच भागातल्या श्प्रेटाल गावाजवळ भरावाची जमीन एकाएकी पातळ झाली आणि ट्रक, मेंढ्या तिच्यात रुतल्या. मग भरावाची हजारो हेक्टर जमीन लोकांसाठी बंद करावी लागली. आता क्रेनला लटकवलेली लांबलचक कंपक नळी जमिनीत खोल उतरवून वाळू आतून दाबून बसवतात. काही ठिकाणी खोलवर छोटे स्फोट घडवतात. काम फार संथ चालतं, पण त्याशिवाय तिथे भिंत उभी करणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणं आहे.

दुसरी अडचण पाण्याच्या चवीत आहे. त्या वाळूत पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज असतं. खाणकामात त्याला हवा लागली, आम्ल तयार झालं, आणि वर चढणाऱ्या पाण्याने ते तळ्यात आणलं. काही तळ्यांचा सामू (आम्लता मोजणारा पीएच) 3 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरइतका आंबट. म्हणून होड्यांतून चुना फवारावा लागतो. विरघळलेलं लोखंड पुढे श्प्रे नदीत जाऊन गंजासारखं तांबूस होतं. त्याच नदीच्या फाट्यांवर पिढ्यान् पिढ्या पर्यटकांच्या नावा वल्हवणाऱ्या लोकांच्या पोटावर हा गाळ येतो. नव्या रोजगाराच्या हिशेबात हे जुने रोजगार कुणी धरले नाहीत तर तो हिशेबच खोटा.

आपल्या विदर्भात ही नक्कल कामाची नाही. इथे दगडी कोळसा, वर वाळूचे खडक आणि चार महिन्यांचा पाऊस. उपसलेल्या मातीचे, ज्याला खाणीवर ‘ओबी’ म्हणतात, त्याचे डोंगर उघड्यावर उभे आहेत. वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या इथल्या सरकारी कोळसा कंपनीने, त्या ओबीतून बांधकामाची वाळू काढली, खाणीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरलं, सावनेरला पर्यटन उद्यान केलं. 2022 मध्ये केंद्राने कोळसा संपलेली संपादित जमीन कोळसा आणि ऊर्जेशी संबंधित कामांसाठी भाड्याने द्यायला परवानगी दिली, मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच ठेवून. ओबीचा ढीग वर्षानुवर्षे, आणि तोही कमीजास्त, खचत राहतो. त्यामुळे त्यावर हलके सौर पॅनल शोभतात, जड कारखाना नाही.

पण ज्याने जमीन दिली त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी पुंजी म्हणजे वरची हात-दोन हात काळी माती. ती वेगळी काढायला हवी. उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिली की आत हवा पोचत नाही आणि तिच्यातले जिवाणू मरत जातात, म्हणून ढीग बसका हवा आणि माती लवकर पसरायला हवी. खाणीच्या पहिल्या आठवड्यात डंपर ती माती कुठे ओततो, त्यावर तीस वर्षांनी तिथे कापूस उगवेल की नुसती सुबाभूळ, हे ठरतं.